गावचा रस्ता : आमदारांचं पत्र की जिल्हा नियोजन?

नवीन सरपंच भेटला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. अंतर्गत रस्ता, स्मशानभूमीचं शेड, ग्रामपंचायतीची इमारत, यांसाठी मागायचं कुणाकडे? आमदारांकडे, की जिल्हा परिषदेमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे? वित्त आयोगाचा पैसा इथे धरत नाही. त्यातला मोठा हिस्सा पाणी-स्वच्छतेला बांधलेला असतो आणि उरलेल्यात काय भागतं ते तुम्हाला माहीत आहे. मी एक मुदत सरपंच होतो आणि दोन्हीकडे उंबरे झिजवले आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. तो माझ्या गावाच्या अनुभवावरचा आहे, तुमच्या जिल्ह्यात चित्र उलटंही असू शकतं.

आमदारांकडे जाणं म्हणजे खरं तर दोन वेगळ्या निधींकडे जाणं. एक त्यांचा स्वतःचा स्थानिक विकास निधी. २०२० पर्यंत तो वर्षाला दोन कोटी होता. मग तीन, चार करत २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींवर गेला. दुसरा म्हणजे पंचवीस-पंधरा. ग्रामविकास विभागाच्या या क्रमांकाच्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) 'लोकप्रतिनिधींनी सुचविलेली' मूलभूत सुविधांची कामं मंत्रालयातून मंजूर होऊन येतात. पत्र दोन्हीकडे आमदारांचंच लागतं, म्हणून गावात दोन्हीला सरसकट 'आमदार फंड' म्हणतात. पण पुढचा प्रवास अगदी वेगळा.

स्थानिक विकास निधीचं मोठं सुख असं की तो सत्ताधारी आणि विरोधी दोघांना सारखाच मिळतो. सरकार बदललं तरी हलत नाही. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, नियोजन शाखा ते काम नियमात बसतं का बघते, अंदाजपत्रक मागवते आणि काम मार्गी लागतं. गैरसोय एवढीच की पाच कोटी ऐकायला मोठे वाटतात. ग्रामीण मतदारसंघात शे-दीडशे गावं धरली तर गावाला वर्षाला तीन ते पाच लाख. प्रत्यक्षात समान वाटणी कोण करतं? ज्या गावाने मतं दिली तिथे दहा लाख आणि बाकीच्यांना सभामंडपाचं आश्वासन. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पाच वर्षांनी पुन्हा दारात उभं राहायचं असतं, त्या माणसाचं गणित आहे ते.

पंचवीस-पंधरा रकमेने दांडगी. एकदम वीस-पंचवीस लाखांचं काम पडू शकतं, आणि आमदार सत्तेत असतील तर मागच्या दाराने बरंच काही जमतं. म्हणूनच ती सगळ्यात बेभरवशाचीही. २०२२ च्या जून-जुलैत सरकार बदललं तेव्हा आधी मंजूर झालेल्या पण सुरू न झालेल्या कितीतरी कामांना स्थगिती बसली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. नारळ फुटलेला, फलक लागलेला आणि खडीचा पत्ता नाही, अशी गावं तेव्हा आमच्या तालुक्यातही होती. न्यायाने बोलायचं तर जिल्हा नियोजनालाही त्या वेळी नवे पालकमंत्री (समितीचे अध्यक्ष तेच) नेमले जाईपर्यंत खीळ बसली होती. त्या धामधुमीत शाबूत राहिला तो आमदारांचा स्वतःचा निधी.

आता जिल्हा नियोजन. आकाराने हा निधी कुठल्या कुठे मोठा. २०२४-२५ साठी राज्याने सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजनेला १८,१६५ कोटी ठेवले होते. ३६ जिल्ह्यांत सरासरी काढली तर जिल्ह्याला पाचशे कोटींच्या आसपास. यात शाळाखोल्या, दवाखाने, बंधारे, सगळंच येतं. गावाच्या कामाचं म्हणाल तर जनसुविधा, मोठ्या गावांना नागरी सुविधा, आणि रस्त्यांना तीस-चौपन्न, पन्नास-चौपन्न ही लेखाशीर्षं. पैसा जिल्हा परिषदेकडे आला की खर्चायला दोन वर्षं मिळतात. एकतीस मार्चच्या रात्री बिलं घुसवण्याची जी पळापळ इतर खात्यांत चालते, ती इथे थोडी सैल असते. पावसाळा मध्ये येणारच, त्यामुळे हे दुसरं वर्ष फार उपयोगी पडतं.

या वाटेचे काटेही सांगतो. जिल्हा परिषदेत दायित्व, म्हणजे आधीच्या कामांचं देणं, वजा करून उरलेल्या रकमेच्या दीडपट कामं मंजूर करायची पद्धत आहे. कागदावर काम मंजूर दिसतं आणि बिलाच्या वेळी ठेकेदार तोंड पाडून बसतो. दुसरं असं की २०२२ मध्ये मुदती संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. जिल्हा परिषदेच्या ज्या गटाच्या (मतदारसंघाच्या) सदस्याने तुमचं काम यादीत धरायचं, तो सदस्यच नव्हता. यादी पालकमंत्र्यांच्या कार्यालयात ठरते अशी कुजबुज तेव्हा सगळीकडे होती, आणि त्यात तथ्य नव्हतं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. म्हणजे राजकारण टाळायला तुम्ही जिल्हा नियोजनाकडे जाणार असाल तर तो भ्रम आहे. आमदार त्या बैठकीत बसलेले असतातच.

एवढं सगळं तोलून पाहिलं तर पारडी जवळपास सारखीच वाटतात. माझ्यासाठी ती हलली ती एका भलत्याच, किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीने : कामाच्या नावाने.

आमचं एक काम मंत्रालयातून मंजूर होऊन आलं. वरची वस्ती ते प्राथमिक शाळा, काँक्रीट रस्ता. यादीत छापलं गेलं 'खालची वस्ती ते प्राथमिक शाळा'. खालच्या वस्तीचा रस्ता आधीच काँक्रीटचा होता. कुठल्या टेबलावर ही गफलत झाली ते शोधण्यात मी वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका. शाखा अभियंत्यांनी हात वर केले, आणि त्यांचं चूक नव्हतं. ज्या नावाने प्रशासकीय मान्यता आहे त्याच ठिकाणी मोजमाप घ्यायचं, दुसरीकडे घेतलं तर लेखापरीक्षणात वसुली त्यांच्या पगारातून. आमचे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले, एका शब्दाचा तर फरक आहे. खरंच एकाच शब्दाचा होता. पण यादी शासन निर्णयाला जोडलेली, म्हणून दुरुस्तीही शासनाच्या शुद्धिपत्रकानेच व्हायची. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, आमदारांचं नवीन पत्र, जिल्हा परिषदेचा अहवाल, आणि मग फाईल पुन्हा मुंबईला. आमदारांचे पीए भला माणूस, फोन उचलायचे, 'टाकलंय साहेबांनी पत्र' म्हणायचे. पत्र टाकलेलंच होतं. मध्ये एक आचारसंहिता येऊन गेली. वरच्या वस्तीची पोरं तो पावसाळा चिखल तुडवतच शाळेत गेली, आणि ग्रामसभेत उभं राहून 'पैसे आलेत पण नाव चुकलंय' हे मला सांगावं लागलं. कोण विश्वास ठेवणार?

पुढे असाच घोळ जिल्हा नियोजनातल्या एका कामात झाला. लांबी चुकली होती. त्या वेळी प्रकरण तालुक्याचं उपविभागीय कार्यालय, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि फार तर जिल्हाधिकारी कार्यालय एवढ्यातच फिरलं. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं अशी ही सगळी ठिकाणं. फाईल कुठल्या टेबलावर आहे ते डोळ्यांनी दिसत होतं, ती पुढे सरकवायला समोर बसता येत होतं. चहाही दोनदा झाला. काम मुदतीत उरकलं.

तेव्हापासून माझा हिशोब असा झाला आहे : निधी किती मिळतो यापेक्षा चूक झाली तर ती कुठे दुरुस्त होते ते आधी बघायचं. गावच्या कामांत चुका होणारच. नावं एकसारखी असतात, वस्त्यांना दोन-दोन नावं असतात, गट नंबर कुणी लिहीत नाही. या दृष्टीने स्थानिक विकास निधीही वाईट नाही, त्याची दुरुस्तीही आमदारांच्या पत्रावर जिल्ह्यातच होते. अडतं ते पंचवीस-पंधराचं. कुणी आग्रहाने देत असेल तर ते नाकारा असं मी म्हणणार नाही, आलेली लक्ष्मी कोण परत पाठवतो? पण आमदारांनी पत्र देण्याआधी कामाचं नाव स्वतः लिहून द्या. नमुना २३ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, रस्त्याची नोंद आहे का पाहा, असेल तर त्यातलंच नाव उचला, आणि पत्राची छापील प्रत हातात घेऊन वाचल्याशिवाय तिथून उठू नका.

पैशाच्या पलीकडे जे प्रश्न असतात, तिथे मात्र तुलनाच होत नाही. पथदिव्यांची बिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरा असं २०२१ मध्ये आलं, तेव्हा जिल्हा परिषद काय करणार होती? वरून आलेला आदेश तिने खाली पाठवला. थेट सरपंच निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. हे सगळं विधिमंडळात आणि मंत्रिमंडळात ठरतं. सरपंच-उपसरपंचांचं मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये दुप्पट झालं तेही मंत्रिमंडळाच्या बैठकीत. अशा कामाला आमदारांकडे एकट्याने जाऊ नका. तालुक्यातले वीस-पंचवीस सरपंच पक्ष बाजूला ठेवून एकत्र गेले की साहेब पीएला वही काढायला सांगतात. आणि प्रश्न कागदावर तयार न्या. सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लावायची तर आमदारांनाही नेमका मजकूर लागतो, आणि तो गावाइतका नेमका कुणालाच लिहिता येत नाही.

तर दहा-पंधरा लाखांपर्यंतचं, गावठाणातलं काम असेल तर मी पहिला अर्ज जिल्हा परिषदेला देईन, आणि त्याची प्रत माहितीस्तव आमदारांना. ही प्रत विसरू नका. काम त्यांच्या मतदारसंघात होतंय आणि त्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं, असं झालं की पुढच्या वेळी पत्राला वेळ लागतो. भूमिपूजनाला बोलावा, फलकावर नाव टाका. त्याने काँक्रीट पातळ होत नाही.

ओढ्यावरच्या पुलाचं गणित निराळं. तो कोटींत जातो, आणि जिल्हा नियोजनाच्या यादीत ओढूनताणून बसवला तर अर्धवट राहायची भीती. असं काम सार्वजनिक बांधकामच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांतच (वर्षाच्या मध्ये मंजूर होणारा जादा खर्च) यावं लागतं, आणि तिथवर आमदारांशिवाय कुणाचा हात पोचत नाही. हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरात असतं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी पत्र घेऊन पळू नका. पुरवणी मागण्यांची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. दिवाळीच्या आधी अंदाजपत्रक आमदारांच्या टेबलावर ठेवा, सोबत ओढा भरून वाहतानाचे फोटो, आणि पूल नसल्याने पावसाळ्यात शाळा किती दिवस बुडते त्याबद्दल मुख्याध्यापकांचं पत्र.