माटुंग्याच्या जुन्या घरात नऊ महिने: वारा, उजेड आणि आईचं खाली उतरणं

फेब्रुवारीत आम्ही घर बदललं. पूर्व उपनगरातल्या टॉवरचा चौदावा मजला सोडून माटुंग्याला, फाइव्ह गार्डनपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलो. भाडं जास्त, जागा शंभरेक चौरस फूट कमी, लिफ्ट नाही. नातेवाइकांना हा वेडेपणा वाटला. आता उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढून झाली आहे, तेव्हा अनुभवाने लिहिते.

आधीच्या घरात समोरची विंग इतकी जवळ होती की पडदा कायम ओढलेला. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची. दुपारी बारा वाजता भाजी निवडायलासुद्धा ट्यूब लावावी लागे. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायचा. आठ वर्षं राहिलो तिथे, आणि मुंबईची हवाच अशी, असं मी स्वतःला समजावत राहिले.

इथे हॉल पश्चिमेला आणि स्वयंपाकघर पूर्वेला आहे. मधली दारं उघडी ठेवली की दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा घरातून आरपार जातो. छत उंच आहे आणि प्रत्येक दारावर उघडझाप करता येणारी झडप आहे, त्यामुळे वर साचलेली गरम हवा बाहेर पडते. रात्री दार लावलं तरी झडप उघडी राहते. मे महिन्यात एसी मोजून सहा रात्री लावला. मागच्या घरात तो मार्चपासूनच चालू असायचा.

हे नशिबाने झालेलं नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळी त्याला कारण आहेत असं सरकारचं मत झालं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या या आखीव वसाहती त्याच ट्रस्टच्या. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाशाचा उजेड मिळतो. सहावीतल्या माझ्या मुलाने कोनमापक आणि दोरा घेऊन आमच्या खिडकीतून समोरच्या गच्चीचा कोन मोजला. त्रेसष्टच्या कितीतरी खाली आला. तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

हे अंतर सोडलं नाही तर काय होतं, तेही याच शहरात दिसतं. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये काही इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे अभ्यास केला, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण जास्त आढळलं. घर मिळालं, पण खिडकीबाहेर भिंत मिळाली. हे वाचल्यापासून ‘चटई क्षेत्र’ (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं माप) हा शब्द मला पूर्वीसारखा सहज घेता येत नाही.

आता आईबद्दल. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि इथे अडतीस पायऱ्या आहेत. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच होती. पण टॉवरमध्ये लिफ्ट असूनही ती पंधरा-पंधरा दिवस खाली उतरत नसे. खाली तीन मजले पार्किंग, मग गाड्यांचा उतार, गेटबाहेर फुटपाथ नाही. उतरून जायचं कुठे?

इथला जिना रुंद आहे, पायऱ्या बुटक्या आहेत, आणि प्रत्येक वळणावर मोठी खिडकी आहे. त्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ती बसते, दम घेते, मग पुढे निघते. बाहेर पडलं की झाडांची सावली, चालण्याजोगा फुटपाथ आणि बागेत बाक. मार्चमध्ये एक दिवस मी ऑफिसातून आले तर ओट्यावर कोथिंबिरीची जुडी. "कुणी आणली?" म्हटलं, तर आई म्हणाली, "मीच. वाटेत दोघीजणी भेटल्या, म्हणून उशीर झाला." मी आत जाऊन रडले. आता ती रोज संध्याकाळी जाते. पहिल्या मजल्यावरच्या काकू तिची वाट बघत कट्ट्यावर बसलेल्या असतात.

त्रासही आहेत. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. हॉलच्या खिडकीवरचा छज्जा एका कोपऱ्यात तुटला होता, तिथून पाणी थेट आत. घरमालकांना तीनदा सांगितल्यावर सप्टेंबरात दुरुस्ती झाली. पाणी पहाटे येतं, भरून ठेवावं लागतं. गाडी लावायला जागा शोधत दोन गल्ल्या फिरावं लागतं, आणि रविवारी बागेभोवती इतक्या गाड्या लागतात की आईला रस्ता ओलांडायला हात धरावा लागतो.

घर शोधत असाल तर सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका. खरं घर दुपारी तीन वाजता, सगळे दिवे बंद करून बघा. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहा आणि काय दिसतं ते बघा. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडून दहा मिनिटं बसा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या आणि दारापासून जवळच्या बाकापर्यंत चालवा. आम्ही पहिलं घर घेताना यातलं काहीही केलं नाही. मॉड्युलर किचन आणि क्लबहाऊस बघून सही केली.

आमच्याच गल्लीत दोन इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत. जुन्या घरांना दुरुस्ती लागते, लिफ्ट हवी, हे खरंच आहे, आणि रहिवाशांना चांगलं घर मिळायलाच हवं. पण त्यातल्या एका प्रकल्पाच्या फलकावर खालचे पाच मजले पार्किंग दिसतं. तिथे परतणाऱ्या आजी-आजोबांचं काय होईल, हा विचार मला तिथून जाताना दर वेळी येतो.

आमचा अकरा महिन्यांचा करार डिसेंबरअखेर संपतोय. भाडं वाढणार आहे. सहलीचे पैसे बाजूला काढून आम्ही करार पुढे चालू ठेवतोय. आईने तर काकूंना तसं सांगूनही टाकलं आहे.