देवास नाक्यावरील लोडर सर्व्हिसिंग: ऑईल बदलण्यापलीकडचे काम

इंदूरमध्ये देवास नाका, ट्रान्सपोर्ट नगर आणि सांवेर रोड या भागांत लोडरचे ऑईल बदलून देणारी ठिकाणे पुष्कळ आहेत; परंतु ऑईल आणि त्याचा फिल्टर बदलणे हे इतके सरळ काम आहे की त्यावरून कोणत्याही कार्यशाळेची पारख होत नाही. ती होते टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंतच्या) डिझेलच्या वाटेवर मिस्त्री किती स्वच्छतेने हात घालतो यावरून. देवास नाक्याजवळच्या ज्या कार्यशाळेत आमचा बॅकहो लोडर (पुढे भरण्याचे मोठे सूप आणि मागे खोदण्याचा हात असलेले यंत्र) नियमित देखभालीसाठी जातो, तिची शिफारस मी मुख्यतः याच कारणासाठी करतो.

येथे डिझेल फिल्टर सोडवण्यापूर्वी त्याच्या आजूबाजूची धूळ आणि चिकट थर धुऊन काढतात. नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरून मग बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, कारण तसे केल्याने एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, लवकर निघते. मात्र मधल्या छिद्रातून ओतलेले ते डिझेल फिल्टरच्या गाळलेल्या बाजूस पडते आणि त्यातील कचरा थेट पंपाकडे जातो. जुन्या यांत्रिक पंपाने असे प्रकार काही काळ सोसले असतील. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल मिळते) मात्र दाब हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे चिमूटभर मातीही महागात पडते. येथील मिस्त्री फिल्टर कोरडाच बसवतो आणि हातपंप कडक लागेपर्यंत मारत राहतो. एअर काढण्यासाठी इंजेक्टरची नळी सैल करू पाहणाऱ्या आमच्या ऑपरेटरला त्याने तिथल्या तिथे थांबवले, आणि ते योग्यच होते, कारण त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरू शकते.

वॉटर सेपरेटरमधील, म्हणजे डिझेलमधून पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातील, पाणी ते काचेच्या बरणीत काढून यंत्राच्या मालकाला दाखवतात. आमच्या बरणीत तळाशी पाण्याचा स्पष्ट थर दिसला, तेव्हा कार्यशाळेचे मराठी मालक म्हणाले, “भाऊ, साइटवरचा ड्रम उघडा राहिला तर फिल्टर कितीही बदला, पाणी येतच राहणार.” काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतील दमट हवेचे रात्री पाणी होत नाही, हा त्यांचा सल्ला पावसाळ्यात विशेष उपयोगी आहे. सेपरेटरचा खालचा नळ रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी उघडणे हे तर ऑपरेटरचेच काम. त्यासाठी कार्यशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

ऑईलच्या बाबतीत ते कॅलेंडर न पाहता अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चालले हे दाखवणारा मीटर, पाहतात. यंत्राच्या पुस्तिकेत ५०० तास लिहिलेले असले, तरी गिट्टीच्या खाणीत चालणाऱ्या लोडरसाठी ते अंतर कमी करायला सांगतात, आणि त्यात धंदा वाढवण्याचा हेतू मला दिसला नाही. तेथील धूळ पाहिलेला कोणीही हेच सांगेल. ऑईलचा ग्रेड (घट्टपणाचा दर्जा) पुस्तिकेप्रमाणेच, आमच्या यंत्रासाठी १५डब्ल्यू-४०, आणि डबा यंत्राच्या मालकासमोर फोडतात. पट्टा, कूलंट आणि ग्रीसिंग यांत सांगण्याजोगे वेगळे काही नाही.

एअर फिल्टरबाबत मात्र माझी तक्रार आहे. बाहेरचा फिल्टर ते कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडतात, ज्यामुळे कागदाला न दिसणारी भोके पडू शकतात, आणि एकदा आतला सुरक्षा फिल्टरही झाडायला काढला होता. तो झाडायचा नसतो, ठरलेल्या वेळी बदलायचा असतो. हे आम्हाला सांगावे लागले, ही बाब डिझेलच्या कामात इतक्या काटेकोर असलेल्या ठिकाणी खटकते. बिलातही फिल्टर, सील आणि मजुरी एकाच आकड्यात येतात. वेगळे मागितले तर देतात, पण मागावे लागते.

दसऱ्यानंतर कामे सुरू होतात तेव्हा येथे रांग लागते, म्हणून त्या दिवसांत आधी फोन करून, अवर मीटरचा आकडा सांगून वेळ घ्यावी. म्हणजे लागणारे फिल्टर ते आदल्या दिवशीच मागवून ठेवतात.