स्लीव्हच्या ऑपरेशनमधला रक्तस्राव: इंजेक्शन की जादा शिवण?

वजन कमी करण्यासाठीच्या स्लीव्हच्या ऑपरेशनात जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढतात. उरलेल्या नळीच्या कडेने पिनांची लांब ओळ राहते, आणि रक्त आलंच तर बहुधा तिथूनच. त्यावर सर्जन दोन उपाय सुचवतात: शिरेतून ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, किंवा त्या ओळीवरून जादा टाके. कधी दोन्ही.

दोन्हींचं काम मात्र एक नाही. हे औषध रक्त गोठवतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर शरीराने स्वतः धरलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, एवढंच. टाके रक्तवाहिनीच दाबतात. म्हणजे झिरपणाऱ्या रक्ताला औषध चांगलं, पण एखादी वाहिनी उघडी राहिली असेल तर तिथे दोराच हवा.

औषध नवं नाही. जपानच्या ओकामोटो दांपत्याने ते 1962 मध्ये मांडलं. पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना त्याच्या गोळ्या आजही देतात. 2022 मध्ये 9,535 रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात मोठा रक्तस्राव औषध न दिलेल्या गटात 11.7 टक्के, तर दिलेल्या गटात 9.1 टक्के होता. ते सगळे वजनाच्या ऑपरेशनचे रुग्ण नव्हते, हे लक्षात असू द्या. हृदयविकार आणि गुठळ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं होतं (औषध दिलेल्यांत 14.2 टक्के, न दिलेल्यांत 13.9), तरी धोका वाढत नाही असं ठामपणे सिद्ध झालं नाही.

खरी अडचण इथेच. वजन जास्त असलं की पायात गुठळी होण्याची भीती मुळातच जास्त, म्हणून रक्त गोठू न देणारं हेपॅरिनही चालू असतं. एक औषध गुठळी होऊ नये म्हणून, दुसरं झालेली टिकावी म्हणून! विचित्र वाटतं, पण नीट मोजून दोन्ही देतात.

टाक्यांचा रक्ताच्या गोठण्याशी संबंध नाही. पण ऑपरेशन लांबतं, आणि शिवण घट्ट बसली तर नळी अरुंद होऊ शकते.

माझं मत विचाराल तर, आधी कधी गुठळी झालेली नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर इंजेक्शनला नाही म्हणू नये. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, फिट येत असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. अशा वेळी मी टाक्यांकडे झुकेन. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषधाची मात्रा कमी करावी लागते.

आणखी एक विचारून घ्या. काही सर्जन पोट बंद करण्याआधी रक्तदाब मुद्दाम थोडा वर न्यायला सांगतात, म्हणजे दडून बसलेली रक्ताची जागा तिथेच दिसते. तुमचे सर्जन तसं करतात का?