चुनखडीचा शोध : विद्युत सर्वेक्षण की कोअर ड्रिलिंग?

विद्युत सर्वेक्षणात जमिनीत धातूच्या खुंट्या रोवून वीजप्रवाह सोडतात आणि खडक त्याला किती रोध करतो ते मोजतात. चिकणमातीचा रोध कमी, घट्ट चुनखडीचा बराच जास्त. त्यामुळे वरच्या मातीची जाडी आणि खडकाचा विस्तार थोड्या दिवसांत, कमी खर्चात कळतो. पाणी किंवा चिखल भरलेल्या पोकळ्याही कमी रोधामुळे उठून दिसतात.

पण खाणीसाठी खरा प्रश्न वेगळा असतो: दगड कसा आहे? डोलोमाइट हा चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम बरंच असलेला दगड; त्याचा रोधही चुनखडीसारखाच येऊ शकतो. सिमेंटला मात्र मॅग्नेशियम जास्त असलेला दगड चालत नाही. इथे कोअर ड्रिलिंगला, म्हणजे भोक पाडून खडकाचा नमुना बाहेर काढण्याला, पर्याय नाही. हिरे जडवलेल्या बिटने (ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाने) काढलेला खडकाचा दंडगोल, म्हणजेच कोअर, हातात येतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की चुनखडी जोरात फसफसते, डोलोमाइट जेमतेम. पुढे प्रयोगशाळेत कॅल्शियम ऑक्साइड मोजतात. शुद्ध चुनखडीत ते सुमारे ५६ टक्के असतं.

ड्रिलिंग महाग, शिवाय एक भोक एकाच जागेची साक्ष देतं. म्हणून मी आधी सर्वेक्षण करून भोकांच्या जागा ठरवीन. पैसे तुटपुंजे असतील तर सर्वेक्षणाच्या रेषा कमी कराव्यात, कोअर वगळू नये.