हात पोचतो, पण पाना फिरतो का? : टेक्नोमॅटिक्स जॅक

चाकणच्या एका असेंब्ली लाइनवर मी मेथड्स इंजिनीअर आहे आणि गेली चार वर्षं सीमेन्सचं जॅक हे सॉफ्टवेअर वापरतेय. नवीन स्टेशन अजून कॅडमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्येच असतं, तेव्हा त्यात माणसाचा पुतळा उभा करायचा आणि बघायचं: हात पोचतो का, बोल्ट दिसतो का, कंबर किती वाकते. मूळ काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या चमूचं. सांधे इतके खरे वळतात की पहिल्यांदा बघताना आपलाच खांदा दुखायला लागतो.

पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. ब्रॅकेटमागच्या बोल्टला पुतळ्याचं बोट टेकलं आणि मी 'ॲक्सेस ओके' लिहून फिक्स्चर, म्हणजे भाग पकडून ठेवणारा सांगाडा, मंजूर केलं. ट्रायलला लाइनवरच्या एका ताईंनी हात आत घातला, बाहेर काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, हात जातोय, पण पाना फिरत नाही." रॅचेट एक खाच पुढे सरकायलाही जागा नव्हती. पत्र्याच्या कडेला घासून त्यांचं मनगट लाल झालं होतं. फिक्स्चर पुन्हा कापलं. तेव्हापासून पुतळ्याच्या हातात सॉकेट लावलेला पाना दिल्याशिवाय आणि तो फिरवून बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

दुसरी गोष्ट मापांची. मी सुरुवातीला वापरलेली मापं अमेरिकन सैन्याच्या 1988च्या सर्वेक्षणातली होती. त्यातली पाचव्या पर्सेंटाइलची, म्हणजे बुटक्यातली बाई सुमारे 153 सेंटिमीटर. आमच्या लाइनवरच्या तिघी त्याहून बुटक्या! त्यांना विचारून टेप लावली, उंची, खांदा, हाताची पोच घेतली आणि जॅकमध्ये तशीच बाई तयार केली. वरच्या रॅकमधल्या वॉशरच्या डब्यासाठी ती टाचा उचलू लागली, रूला स्कोअर, म्हणजे शरीराच्या ताणाचा अंक (जास्त तितका वाईट), 3चा 6 झाला. रॅक 12 सेंटिमीटर खाली आला. स्वतःची मापं भरता येतात, याच एका सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही सुचवेन. अहमदाबादच्या एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) 1997ची भारतीय मापंही हाताशी ठेवा.

वेळ मात्र लागतो. एकेक पोझ नीट बसवायला माझी अर्धी शिफ्ट जाते आणि घाईत बसवलेली पोझ सरळ फसवते. लायसन्सही छोट्या व्हेंडरला झेपणारं नाही. त्यांनी पुठ्ठ्याचा मॉकअप करून खरा पाना फिरवून बघावा.

पुढच्या महिन्यात नवीन स्टेशन येतंय. फाइलमधला पहिला पुतळा 147 सेंटिमीटरचा आहे, हातात पाना.