निगेटिव्ह अस्सल, तारीख खोटी

लुइस हाइन 1940 साली वारला. बालकामगारांचे आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सांगाड्यावर काम करणाऱ्यांचे फोटो काढणारा हाच तो. 1990 च्या दशकात त्याचे सहीचे ‘व्हिंटेज’ प्रिंट बाजारात इतके आणि इतके ठणठणीत दिसू लागले की जाणकारांना शंका आली. कागद तपासला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर! पांढरेपणा खुलवणारं हे रसायन फोटोच्या कागदात 1950 च्या दशकात आलं. म्हणजे प्रिंट हाइनच्या मृत्यूनंतरचे. निगेटिव्ह अस्सल होती, पण संग्राहकांनी पैसे मोजले होते ते जुन्या तारखेचे.

फोटो टिपल्यावर थोड्याच काळात, फोटोग्राफरने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीत काढलेला प्रिंट म्हणजे व्हिंटेज. त्याच निगेटिव्हचा नंतरचा प्रिंट सहसा बराच स्वस्त असतो आणि नेमक्या याच फरकावर ठग पोट भरतात.

म्हणून जुना प्रिंट घेण्याआधी तो काचेतून बाहेर काढायला लावा. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च पुढून-मागून मारा. कागद निळसर पांढरा उजळला आणि विक्रेता 1930 चा प्रिंट म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. उजळला नाही म्हणून मात्र हुरळू नका: ब्राइटनर नसलेले कागद नंतरही निघत होते.

नव्या फोटोंत घोळ एडिशनचा, म्हणजे ठरावीक संख्येत काढलेल्या प्रिंटच्या संचाचा. ‘3/10’ (दहापैकी तिसरा) वाचून जगात दहाच प्रिंट आहेत असं आपण धरतो. पण तो आकडा बहुधा त्या एकाच आकारापुरता असतो. मोठ्या आकाराची एडिशन वेगळी, आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकाराने स्वतःकडे ठेवलेले जादा प्रिंट, त्यावर आणखी. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टनने जुन्या डाय ट्रान्सफर (कागदावर रंग उतरवण्याची जुनी पद्धत) प्रिंटमधल्याच चित्रांचे मोठे डिजिटल पिगमेंट (इंकजेट) प्रिंट काढले आणि 2012 साली ते ख्रिस्तीजच्या लिलावात विकले गेले. जुने प्रिंट घेतलेल्या एका संग्राहकाने दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2013 साली तो फेटाळला, कारण नवे प्रिंट ही वेगळी एडिशन ठरली. ही लबाडी नव्हतीच, जुन्या खरेदीदाराला तसं वचनच कुणी दिलेलं नव्हतं.

तेव्हा बिलावर नुसतं ‘लिमिटेड एडिशन’ चालवून घेऊ नका. निगेटिव्हचं वर्ष, प्रिंटचं वर्ष, प्रक्रिया, कागद, सगळ्या आकारांचे मिळून प्रिंट किती, प्रूफ किती, पुढे नवी एडिशन काढणार का, आधीचे मालक कोण, हे सगळं सहीशिक्क्यानिशी घ्या. पैसे त्यानंतर.