शातो ओ-ब्रियाँ: रेड की व्हाइट?

फ्रान्समधल्या बोर्दो शहराला चिकटलेल्या पेसाकमधली ही जुनी वाइन इस्टेट. बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीत आलेली, मेदोक या शेजारच्या वाइन-प्रदेशाबाहेरची ही एकमेव रेड. द्राक्षमळा सुमारे 50 हेक्टर, त्यातले जेमतेम 3 हेक्टर पांढऱ्या द्राक्षांचे. त्यामुळे व्हाइट फार कमी निघते आणि बहुधा रेडपेक्षा महाग पडते.

रेडमध्ये मर्लो, काबर्ने सोव्हिन्याँ आणि थोडी काबर्ने फ्राँ या जातींची काळी द्राक्षे. रस सालींसकट आंबतो. रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) तिथूनच येतात. मग ओकच्या पिंपात दीड वर्ष किंवा त्याहून जास्त. चांगल्या वर्षाची बाटली दहा वर्षांआधी उघडणे म्हणजे नासाडीच: टॅनिन तोंड कोरडे पाडते, धुरकट, मातकट सुगंध झाकलेला राहतो. जुन्या बाटलीत गाळ असतो. ती आदल्या दिवशी उभी ठेवा, हळू ओता, गाळ मानेशी आला की थांबा. तापमान 16 ते 18 अंश. आपल्याकडच्या 30 अंशांच्या खोलीत ठेवली तर नुसते अल्कोहोलच नाकात भरते.

व्हाइटमध्ये सेमियाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. ही द्राक्षे आधी तोडतात, कारण उशीर झाला की आंबटपणा उतरतो. आधी रस पिळतात, साली बाजूला काढतात आणि रस पिंपातच आंबवतात. 11 ते 13 अंशांवर प्या. थेट फ्रीजमधून काढल्यास वास दबतो. रंग तपकिरी आणि वास कापलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा असेल, तर बाटलीत हवा शिरली आहे.

मटणाला रेड, खेकडा-लॉब्स्टरला व्हाइट. एकच घ्यायची असेल आणि थांबायची तयारी असेल, तर आमचे मत रेडला.